लेकाशी घरात जर्मन बोलावं का?

जास्वंदी
नमस्कार मंडळी. आम्ही गेल्या वर्षी स्टुटगार्टला आलो. नवरा ब्लू कार्डावर (उच्चशिक्षितांचा कामाचा परवाना), त्यामुळे मला येण्याआधी ए१ची (जर्मनची पहिली पायरी, पुढे ए२, बी१, बी२) परीक्षा द्यावी लागली नाही. आले तेव्हा पाटी कोरी होती, आता ए२चा वर्ग चालू आहे. लेक दोन वर्षांचा होतोय आणि नुकताच किटामध्ये जायला लागलाय. (भारतातून वाचणाऱ्यांसाठी: किटा म्हणजे इथलं पाळणाघर आणि बालवाडी एकत्र.)

घरी आम्ही दोघं मराठीच बोलतो. लेकाची घरी भरपूर बडबड चालते. "बाबा गेला", "अजून पाणी" असं बोलतो. किटात मात्र अगदी गप्प. परवा त्याला घ्यायला गेले तेव्हा तिथल्या बाई म्हणाल्या, घरी जर्मन बोलायला लागा, म्हणजे त्याला सोपं जाईल. नवऱ्याला ते पटलं. तुझाही सराव होईल, एका दगडात दोन पक्षी, असं त्याचं म्हणणं.

मला मात्र ठरवता येत नाहीये. माझ्या जर्मनमध्ये मी लेकाला चेंडू लाल आहे आणि बस मोठी आहे एवढंच सांगू शकते. तो रात्री घाबरून उठला तर त्याला कुशीत घेऊन काय बोलायचं, ते त्या भाषेत माझ्याकडे नाही. पण मी मराठीचा हट्ट धरला आणि तो मागे पडला तर? ज्यांनी परदेशात लहान मूल वाढवता वाढवता स्वतः तिथली भाषा शिकली, त्यांनी कृपया लिहा.

सांजवात
मराठीच बोल. आत्ता ऑफिसात आहे, रात्री सविस्तर लिहिते.

धोंडोपंत_बर्लिनकर
मी थोडं वेगळं बोलतो, रागावू नका. किटातल्या बाईंचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. दिवसभर एवढी मुलं सांभाळायची, आणि त्यातल्या एकाला काय हवंय तेच कळत नाही म्हटल्यावर त्यांचाही जीव कासावीस होतो.

आम्ही बर्लिनला आलो तेव्हा मुलगी अडीच वर्षांची होती. रात्रीच्या जेवणापर्यंत घरात जर्मन, त्यानंतर मराठी असा नियम केला. आमचं जर्मन मोडकंतोडकं होतं, पण बायकोची भीड त्यामुळेच चेपली. आज ती बी२ पास आहे, नोकरी करते. जिथे मूल वाढणार तिथली भाषा उंबऱ्याबाहेर ठेवून कसं चालेल?

स्वरयंत्र
मी वाचा-उपचाराच्या क्षेत्रात काम करते, आधी पुण्यात आणि आता फ्रँकफर्टजवळ. म्हणून जरा लांबण लावते.

जास्वंदी, तुझ्या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे तो घरी दोन शब्द जोडतो. दुसऱ्या वाढदिवसाच्या आसपास मूल पन्नासेक शब्द बोलतं का आणि दोन शब्द जोडतं का, हे आम्ही आधी पाहतो. हे शब्द दोन्ही भाषांमधले मिळून मोजायचे असतात. फक्त जर्मन मोजलं तर घरी दुसरी भाषा असलेलं प्रत्येक मूल मागेच दिसणार. तुमची यू७ तपासणी आता येईलच (मुलांच्या ठरलेल्या तपासण्यांपैकी एक, वयाच्या २१ ते २४ महिन्यांत असते, पिवळ्या पुस्तिकेत तिचं पान आहे). त्या वेळी डॉक्टरांना त्याचे मराठी शब्दही सांग, घरच्या बडबडीचा एखादा व्हिडिओ दाखव.

नव्या भाषेच्या घोळक्यात गेलेलं मूल सुरुवातीला गप्प राहतं, हे नेहमीचं आहे. काही आठवडे, कधी काही महिनेसुद्धा. त्या काळात ते ऐकत असतं. हाक मारल्यावर वळतो का, बोट दाखवून मागतो का, इतर मुलं आवरायला लागली की त्यांच्यामागे जातो का, हे बाईंना विचार. तीन्हींचं उत्तर हो असेल तर धीर धर. मूल घरच्या भाषेतही बोलत नसेल किंवा आवाजाकडे वळत नसेल तर मात्र थांबायचं नाही, आधी कान तपासायचे. दोन भाषांमुळे वाचादोष होत नाही. पण "दोन भाषा आहेत ना, म्हणून उशीर होतोय" असं म्हणत खरी अडचण अंगावर काढलेली मुलं मी पाहिली आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

मुलाला भरपूर आणि तऱ्हेतऱ्हेची भाषा ऐकायला मिळाली पाहिजे. हे का झालं, नाहीतर काय झालं असतं, काल आपण कुठे गेलो होतो, उद्या कोण येणार आहे. एवढं सगळं तू त्याला मराठीत देऊ शकतेस. एका भाषेत गोष्ट सांगायला शिकलेल्या मुलाला दुसऱ्या भाषेत गोष्ट म्हणजे काय हे नव्याने शिकावं लागत नाही. त्याचं जर्मन किटातून येईल, आणि तिथे ते तुझ्या ए२पेक्षा कितीतरी चांगलं मिळेल.

एल्बेकाठी
स्वरयंत्र, किती नीट लिहिलंत! माझ्या धाकट्याच्या वेळी हे कोणी सांगायला हवं होतं.

बाबा_रजेवर
स्वरयंत्र यांना +१.

बाबांच्या बाजूने लिहितो. मुलगी वर्षाची झाली तेव्हा मी पालकरजा घेतली. (अवांतर: दोघांनीही किमान दोन-दोन महिने घेतले तर एल्टर्नगेल्ड, म्हणजे पालकांचा सरकारी भत्ता, १२ऐवजी १४ महिने मिळतं. आपल्याकडच्या बऱ्याच बाबांना हे माहीतच नसतं.) किटात रुळवायचं काम माझ्याकडे आलं. आमच्याकडे बर्लिन पद्धत होती, म्हणजे पहिले तीन दिवस पालकाने मुलाबरोबर वर्गातच बसायचं आणि चौथ्या दिवशी पहिल्यांदा थोडा वेळ बाहेर जाऊन बघायचं.

त्या दिवसांत कोपऱ्यातल्या बुटक्या खुर्चीवर बसून मी कान उघडे ठेवले. जर्मनमध्ये क्रियापदाचा एक तुकडा तुटून वाक्याच्या शेवटी जातो. वर्गात या प्रकाराने सगळ्यांना रडकुंडीला आणलं होतं. किटात तेच दिवसभर चालतं. जॅकेट घाल, बूट काढ, ऊठ, दार लाव. प्रत्येक वाक्याच्या शेवटी आन, आउस, आउफ, त्सू, तेही ठासून, आणि समोर ते करणारं मूल! बघता बघता कानात बसलं. जास्वंदी, तुझ्या किटात पालकांना अधूनमधून बसू देत असतील, सहलीला सोबत लागत असेल, तर जरूर जा. लहान मुलांशी बोललं जाणारं जर्मन सावकाश असतं, पुन्हा पुन्हा येतं, आणि अर्थ डोळ्यांसमोर घडतो.

धोंडोपंत, सराव व्हायला हवा हे एकदम मान्य. पण तो लेकाबरोबर कशाला? खेळाच्या मैदानावर बाकावर बसलेल्या आजी-आजोबांबरोबर करावा. त्यांना वेळ असतो, ते हळू बोलतात, आणि नातवंडांचं कौतुक ऐकायला कोणीतरी मिळालं म्हणून खूश होतात. माझं निम्मं बी१ एका निवृत्त ट्रामचालक आजोबांच्या कृपेने झालंय. शब्दांची लिंगं ते न थकता सुधारून द्यायचे.

गुलकंद
ट्रामचालक आजोबांना आमचाही नमस्कार सांगा! :)

आमचा किस्सा. मुलगी किटात "शू, शू" म्हणायची आणि बाई धावत जाऊन तिचे बूट घेऊन यायच्या, कारण जर्मनमध्ये बुटाला शू म्हणतात. बूट घातले जायचे, चड्डी ओली व्हायची. दोन्ही बाजूंनी पराकाष्ठेचे प्रयत्न, निकाल तोच. शेवटी मी एक यादी करून दिली. शू, शी, पाणी, भूक, झोप, नको, दुखतंय, भीती वाटते. रोमन लिपीत मराठी शब्द आणि समोर जर्मन अर्थ. बाईंनी ती कपड्यांच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवली. त्यानंतर काही दिवसांत तिचं रडणं कमी झालं. बाईंची खरी गरज ही असते, जास्वंदी. तुझं मूल काय म्हणतंय ते त्यांना कळायला हवं. त्यासाठी घरची भाषा बदलावी लागत नाही.

एल्बेकाठी
यादीची कल्पना फारच आवडली.

मी हॅम्बुर्गला. घरात मराठी, पण इतर मुलं आसपास असली की मी जर्मन बोलते. वाळूत फावड्यावरून दोघांची जुंपली की दोघांनाही जर्मनमध्येच सांगते. समोरच्या मुलाला आणि त्याच्या आईला कळायला हवं ना, नाहीतर मी माझ्या लेकाला काहीतरी शिकवून पाठवतेय असं त्यांना वाटतं. मग लेकाला बाजूला घेऊन मराठीत समजूत. त्याचा यात कधी गोंधळ झाला नाही. कोणाशी काय बोलायचं हे मुलांना फार लवकर कळतं.

आणि शाळेची काळजी आत्तापासून नको. इथे साडेचार वर्षांच्या सुमाराला मुलांना शाळेत नेऊन दाखवावं लागतं, जर्मन कमी वाटलं तर शाळेआधीच्या वर्षात भाषेचे जादा तास मिळतात. बायर्नमध्ये (बव्हेरियात) २४० तासांचा पूर्ववर्ग असतो. तुमच्या राज्यात काय आहे ते किटात विचार. दोन वर्षांच्या मुलाकडे अजून पुष्कळ वेळ आहे.

नुस्ता_वाचक
एक भाबडा प्रश्न. रोज थोडा वेळ जर्मन कार्टून लावलं तर? घरात मराठी राहील, जर्मनही कानावर पडेल, आणि आईला अभ्यासाला वेळ मिळेल.

स्वरयंत्र
नुस्ता_वाचक, प्रश्न भाबडा नाही, दर आठवड्याला कोणीतरी विचारतं. अमेरिकन संशोधक पॅट्रिशिया कूल यांच्या गटाचा २००३ सालचा प्रयोग आहे. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना १२ बैठकांत चिनी (मँडरिन) ऐकवलं. काहींशी चिनी बोलणारी माणसं समोर बसून खेळली, काहींना तेच व्हिडिओवर दाखवलं. माणसांबरोबर खेळलेली बाळं चिनीतले वेगळे ध्वनी ओळखायला लागली, व्हिडिओवाल्यांना काहीच फायदा झाला नाही. ही बाळं दोन वर्षांच्या मुलापेक्षा लहान होती हे खरं, पण लहान वयात भाषा माणसाकडून येते ही गोष्ट त्यातून चांगली दिसते. आईला तासभर हवा असेल तर कार्टून लावावं, त्यात काही वावगं नाही. त्याला भाषेचा वर्ग मात्र समजू नये.

आजीबरोबरचा व्हिडिओ कॉल वेगळा. तिथे आजी त्याच्या बोलण्याला उत्तर देते.

आता थोडं अवांतर, कारण हे मला फार आवडतं. १९८४ साली वर्कर आणि टीस या संशोधकांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले ट आणि त ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना दोन्हींतला फरक कळत होता, जो त्यांच्या आईवडिलांना कळत नव्हता. वर्षाचं होता होता तो बहुतेकांचा गेला. आपण घरात मराठी बोलतो तेव्हा हे कान शाबूत राहतात.

गुलकंद
म्हणजे आमच्या शेजारचं सहा महिन्यांचं बाळ मला माझ्या नावाने नीट हाक मारू शकलं असतं! नावात ट आहे, इथे आजवर एकालाही जमलेला नाही.

स्वरयंत्र
ऐकू नक्की आलं असतं. हाक मारायला थोडं थांबावं लागलं असतं. :)

सांजवात
आले. सकाळी एका ओळीत लिहिलं त्याचं कारण सांगते.

एक पालक एक भाषा, हे सूत्र सगळीकडे ऐकू येतं. ते जुनं आहे. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ झ्यूल रोंझा आणि त्यांच्या जर्मन बायकोने ते आपल्या मुलाच्या बाबतीत पाळलं आणि रोंझांनी १९१३ साली त्यावर पुस्तक लिहिलं. पण त्या घरात दोन्ही भाषा कोणाच्या तरी मातृभाषा होत्या. जास्वंदीच्या घरात दोघंही मराठी. मग आईला उसनी भाषा देऊन ते सूत्र कशाला राबवायचं?

आणि खरी भीती उलट्या बाजूची आहे. भाषाशास्त्रज्ञ आनिक दे हाउवर यांनी २००७ साली बेल्जियमच्या डच भाषक भागातली जवळजवळ १९०० कुटुंबं पाहिली. सगळ्या घरांत डचखेरीज आणखी एक भाषा होती. साधारण चौथ्या हिश्श्याच्या घरांत मुलं ती दुसरी भाषा बोलतच नव्हती, डच मात्र बोलत होती. देशाची भाषा शाळा, रस्ता, मित्र सगळे मिळून शिकवतात. मराठी शिकवायला इथे आई आणि बाबा सोडून कोण आहे?

पुस्तकांबद्दल एक कामाची गोष्ट. ग्रंथालयात विमेलबुख मिळतात. मोठी, जाड पानं, शब्द जवळजवळ नाहीत, पानभर नुसती गर्दी. बाजार, स्टेशन, पोहायचा तलाव. एका पानावर तासभर बोलता येतं. तेच पुस्तक किटात जर्मनमध्ये आणि घरी मराठीत. मी स्वतः त्या पानांवर बसून वाक्यं जुळवायची, लेक झोपल्यावर, मोठ्याने. कुत्रा टेबलाखाली आहे, कुत्रा टेबलाखाली जातो. जर्मनमध्ये या दोन वाक्यांत टेबलाची विभक्ती बदलते, आणि चित्रात बोट ठेवून म्हटलं की ती चटकन बसते.

धोंडोपंत_बर्लिनकर
सांजवात, आकडे पटले. तरी एक सांगतो. आमच्या घरी जर्मनचा नियम नसता तर बायको तोंड उघडायला आणखी वर्षभर धजली नसती. आईचा आत्मविश्वास हाही मुलाच्या वाढीचाच भाग आहे. ती डॉक्टरांना फोन करायला घाबरते हे मुलाला कळतं.

इथलीच_मी
मी पहिल्यांदाच लिहितेय. तीन वर्षांची असताना म्युनिकला आले, आता विद्यापीठात आहे. आईबाबांनी माझ्याशी मराठीच ठेवली. जर्मन किटात आलं, शाळेत गेले तोपर्यंत मी इतर मुलांसारखीच बोलत होते. आज आजीशी फोनवर भांडू शकते, मैत्रिणीबद्दल सांगू शकते, आणि तिने सांगितलेला विनोद मला लगेच कळतो. हे आईबाबांनी मला दिलं.

पण धोंडोपंतकाका म्हणतात तेही खरं आहे, वेगळ्या कारणाने. मला सांभाळायला दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे आईचा वर्ग सुटला तो सुटलाच. मग घरमालकाचं पत्र मी वाचायचे, पालकसभेत शिक्षिका माझ्याबद्दल जे बोलायच्या ते मीच आईला सांगायचे. नऊ-दहा वर्षांची असताना आईबरोबर दवाखान्यात बसून मी तिचा रिपोर्ट तिला समजावून देत होते. डॉक्टरांच्या बोलण्यातलं आईला काय सांगायचं आणि काय नाही, हे मी मनात ठरवत होते. त्या वयात ते ओझं फार होतं. आई बरी झाली, पण ती खोली मला अजून आठवते.

जास्वंदीताई, तुमच्या लेकाला तुमच्याकडून मराठी हवी आहे. तुमचं जर्मन त्याला त्याच्याशी बोलण्यासाठी नको आहे. तुम्ही त्याच्या वतीने आणि स्वतःसाठी दुसऱ्यांशी बोलावं म्हणून हवं आहे.

धोंडोपंत_बर्लिनकर
बाळा, तुझं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. फार नेमकं लिहिलंस.

आता माझा नियम सुधारून सांगतो. नवरा-बायकोने आपापसात रोज थोडा वेळ जर्मन बोलावं, बिल, अपॉइंटमेंट, पत्रं, जे काय असेल ते. मुलाशी मराठी. भीडही चेपते आणि मुलाचं काही जात नाही.

जास्वंदी
सगळे प्रतिसाद दोनदा वाचले, इथलीच_मीचा तर नवऱ्यालाही वाचून दाखवला. लेकाशी मराठीच बोलायचं हे आमच्या दोघांचं ठरलं. यादी आज करते.

उरलेला प्रश्न वेळेचा. माझा इंटिग्रेशन कोर्स सकाळचा आहे, ६०० तास भाषा आणि १०० तास देशाची ओळख. किटा सुरू झाल्यापासून लेक सारखा आजारी पडतोय. घरी मीच राहते, वर्ग बुडतो, परत गेले की धडा दोन पानं पुढे. इथलीच_मीच्या आईचं जे झालं ते असंच सुरू झालं असणार.

बाबा_रजेवर
पहिला हिवाळा सगळ्यांचा असाच जातो, पुढे कमी होतं. पण आजारपणात घरी राहायचं काम तुझ्या एकटीचं नाही. तुम्ही सरकारी आरोग्य विम्यात असाल तर नवऱ्यालाही मुलाच्या आजारपणाची रजा मिळते. २०२४ आणि २०२५ साठी प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला १५ दिवस होते. डॉक्टरांकडून मुलाच्या आजारपणाचा कागद घ्यायचा. तुमच्या परीक्षेच्या आठवड्यात त्याने रजा टाकावी. तुमचा वर्ग हीसुद्धा नोकरीइतकीच पक्की वेळ आहे, हे घरात आधी ठरायला हवं.

आणि त्यालाही अभ्यासाला बसवा! ब्लू कार्डवाल्याला बी१ असेल तर २१ महिन्यांत इथे राहण्याचा कायमचा परवाना मागता येतो, ए१वर २७ महिने थांबावं लागतं. कामावर इंग्रजी चालतं म्हणून जर्मन फक्त बायकोने शिकायचं, असं बऱ्याच घरांत होतं. मग किटाचे सगळे फोन तिलाच.

एल्बेकाठी
शेवटच्या वाक्याला दहा वेळा अनुमोदन. आमच्याकडे किटाच्या फॉर्मवर पहिला फोन नंबर बाबाचा आहे.

सांजवात
बुडलेल्या धड्यासाठी वर्गातल्या एका मैत्रिणीशी बोलून ठेव. माझ्या वर्गात एक सीरियन आई होती, तिलाही लहान मूल. जी हजर असेल तिने वहीचे फोटो पाठवायचे आणि संध्याकाळी आवाजी निरोपावर धडा समजावून सांगायचा. आमच्या दोघींत जर्मन सोडून दुसरी भाषाच नव्हती, त्यामुळे बोलणं भाग होतं. अजून मैत्रीण आहे.

जास्वंदी
माझ्या शेजारी एक तुर्की मुलगी बसते, तिलाही दीड वर्षाची लेक आहे. उद्याच विचारते. नवऱ्याने किटाच्या फॉर्मवर त्याचा नंबर वर घालायचं कबूल केलंय. गुलकंद, यादीत आणखी काय घालू?

गुलकंद
"दुखतंय" आहेच, पण कुठे दुखतंय ते कळायला पोट, कान, डोकं हेही घाल. तो झोपताना जे मागतो त्याचं घरचं नाव लिही, आमच्याकडे दुलईला "माऊ" म्हणतात आणि ते कुठल्याच शब्दकोशात सापडलं नसतं. आई, बाबा, आजी यांना तो काय हाक मारतो तेही. बाईंना उच्चार कळावेत म्हणून तुझ्या आवाजात रेकॉर्ड करून पाठव. सकाळच्या आणि दुपारच्या बाई वेगळ्या असतील तर दोन प्रती काढ.